वाऱ्याचा हिशेब मांडणाऱ्या अ‍ॅना मणी

पवनचक्कीच्या जनित्रातून निघणारी वीज पुरेशी आहे की यंत्रणेत कुठे बिघाड आहे, हे वाऱ्याच्या वेगाशी ताडूनच कळते. वेगाच्या मोजमापात दहा टक्के चूक झाली, तर शक्तीचा हिशेब सुमारे तीस टक्क्यांनी चुकतो. ही अचूकता भारतात रुजवणाऱ्या अ‍ॅना मणी यांचा जन्म २३ ऑगस्ट १९१८ रोजी त्रावणकोरमधील पीरुमेड येथे झाला. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणकांवर संशोधन केले. परंतु पदव्युत्तर पदवी नसल्याने मद्रास विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट नाकारली. त्या खचल्या नाहीत. लंडनला हवामानविषयक उपकरणांचा अभ्यास करून १९४८ मध्ये त्या पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. परदेशी उपकरणांवर विसंबलेल्या या खात्यासाठी त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. १९७६ मध्ये निवृत्त झाल्यावरही त्या थांबल्या नाहीत. देशातील सातशेहून अधिक ठिकाणच्या वाऱ्याच्या नोंदी त्यांनी अभ्यासल्या आणि पवनऊर्जेसाठी योग्य जागा शोधण्याचा पाया घातला. १६ ऑगस्ट २००१ रोजी तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. डॉक्टरेट अखेरपर्यंत मिळाली नाही. त्यांचे काम मात्र त्यावाचून अडले नाही.