लुळा पडलेला हात

मी बँकेत असतानाची गोष्ट. आमच्या शाखेतल्या एका कारकून मुलीचा उजवा हात एके सकाळी काउंटरवरच लुळा पडला. वडील जाऊन तिला महिनाही झाला नव्हता. अर्धांगवायू समजून आम्ही धावपळ केली. पण मेंदूत काहीच दोष सापडला नाही. मग शाखेत कुजबूज सुरू झाली, की हे रजेसाठीचे सोंग. त्या कुजबुजीत मीही होतो. पुढे बर्था पापेनहाइमचे चरित्र वाचले, आणि शरमलो.

बर्था १८५९ साली व्हिएन्नातल्या एका सुखवस्तू ज्यू घरात जन्मली. भाऊ विद्यापीठात गेला. हिची शाळा मात्र सोळाव्या वर्षी संपली. १८८० मध्ये वडील अंथरुणाला खिळले. रात्र रात्र ती त्यांच्या उशाशी बसे. हळूहळू तिचा उजवा हात गेला, पायही आखडला, शब्द सापडेनात. काही काळ तर मातृभाषा जर्मन सोडून ती फक्त इंग्रजीच बोले. उजवे अंग आणि वाचा दोन्ही जाणे हे मेंदूच्या डाव्या बाजूच्या झटक्यासारखेच. पण डॉ. योसेफ ब्रॉयर यांनी हिस्टेरिया असे निदान केले आणि तिला बोलते करून ते ऐकत राहिले. एप्रिल १८८१ मध्ये वडील गेले, तसे दुखणे आणखी बळावले.

१८९५ मध्ये ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या पुस्तकात ती ॲना ओ. या नावाने आली, जणू पूर्ण बरी होऊन. प्रत्यक्षात १८८२ नंतरही तिला आरोग्यधामांत राहावे लागले. दुखणे निव्वळ मानसिक होते का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

१८८८ मध्ये आईबरोबर ती फ्रँकफर्टला गेली आणि अनाथ मुलींच्या कामात उतरली. १९०४ मध्ये तिने ज्यू स्त्रियांची संघटना उभारली, १९०७ मध्ये नोय-इझेनबुर्गला निराधार मुली व कुमारी माता यांच्यासाठी आश्रम काढला, आणि स्त्रियांच्या व्यापाराविरुद्ध ती झुंजली. १९३६ मध्ये ती वारली. ॲना ओ. म्हणजे हीच, हे जगाला १९५३ मध्ये कळले.

आजचे डॉक्टर अशा दुखण्याला सोंग म्हणत नाहीत. मेंदूची रचना शाबूत असते, कामकाज बिघडते. त्याच्या खुणा तपासणीत ओळखता येतात. पण हे ठरवणे घरच्यांचे काम नव्हे. तोंड वाकडे झाले, हात खाली पडला, बोबडी वळली, तर तडक रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते.

ती मुलगी व्यायामाने बरी होऊन दोन महिन्यांनी कामावर आली. तिच्या रजेच्या अर्जावर मी सही केली, पण तिची माफी मागायची राहून गेली.