माझगावच्या बागेतला वायुदीप

पौषातल्या रात्री बार्शीच्या माळावर बोचरा वारा सुटला, की दारे-खिडक्या घट्ट लावून घ्याव्याशा वाटतात. अशा वेळी कोळशाची पेटती शेगडी उचलून निजायच्या खोलीत ठेवण्याचा मोह अनेकांना होतो, आणि दर हिवाळ्यात कुठे ना कुठे तो जिवावर बेततो. बंद खोलीत कोळसा अर्धवट जळतो आणि त्यातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागेही होऊ देत नाही.

ज्या देशांत हिवाळाभर घर तापवावे लागते, तेथील लोकांनी या संकटावर एक उपाय शोधला आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना तो परिचित असेल. घर उबदार ठेवणारी वायुभट्टी काही ठिकाणी घराबाहेर, परसात किंवा छपरावर बसवलेली असते. ज्वाला बाहेर पेटते, धूर बाहेरच्या बाहेर जातो आणि नळातून आत येते ती केवळ ऊब. भट्टीभोवती मोकळी जागा सोडावी, तिचे धुराडे खिडकीपासून दूर असावे, वायू तत्काळ बंद करता येईल अशी झडप हाताशी असावी आणि प्रत्येक सांधा साबणाच्या पाण्याने तपासून घ्यावा, हे तिचे साधे नियम. आपल्याकडे स्वयंपाकाच्या वायूची टाकी ओट्याखालून काढून हवेशीर सज्जात किंवा घराबाहेरच्या जाळीत ठेवतात, त्यामागेही हाच विचार आहे. घातक ते बाहेर, उपयुक्त तेवढेच आत.

हा विचार मुंबई इलाख्यातील एका घरात १८३४ मध्येच प्रत्यक्षात उतरला होता. त्या घराचे मालक होते अर्देशीर कर्सेटजी वाडिया. आगबोटींचे अभियंते आणि रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत त्यांनी पेटवलेले वायूचे दिवे मात्र चरित्रकोशातल्या एखाद्या ओळीपुरतेच उरले आहेत.

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. घराणे जहाजबांधणीचे. मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले आणि त्यांनी येथील गोदीचा पाया घातला. तेव्हापासून पिढ्यान् पिढ्या या घराण्यातील पुरुष मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे घडवीत आले होते. ब्रिटिश आरमारासाठी येथे बांधलेली आणि १८१७ मध्ये पाण्यात उतरवलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमध्ये जपून ठेवलेली आहे, यावरून त्या कामाची प्रत ध्यानात यावी. अर्देशीर यांचे वडील कर्सेटजी रुस्तमजी हेही याच गोदीतले. मुलाने कोणत्या वाटेने जायचे, हे जणू जन्मतःच ठरलेले होते. चौदाव्या वर्षी, १८२२ मध्ये, ते गोदीत दाखल झाले.

परंतु त्यांचे मन लाकडापेक्षा लोखंडात आणि शिडापेक्षा वाफेत रमले. तो काळही तसाच होता. मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट १८३० च्या मार्च महिन्यात मुंबईहून सुएझकडे निघाली आणि विलायतेच्या टपालाचा मार्ग बदलण्याची चिन्हे दिसू लागली. पुढचे शतक वाफेचे असणार, हे एकवीस वर्षांच्या अर्देशीर यांनी ओळखले. एका अश्वशक्तीचे छोटे वाफेचे इंजिन त्यांनी तयार केले आणि विहिरीचे पाणी उपसण्याच्या कामी लावले. पाठोपाठ १८३३ मध्ये ‘इंडस’ नावाची साठ टनांची नौका बांधून तिच्यावर वाफेचे इंजिन चढवले. वय होते अवघे पंचवीस.

याच उमेदीत त्यांचे लक्ष दगडी कोळशाच्या वायूकडे वळले. विल्यम मर्डॉक या स्कॉटिश अभियंत्याने १७९२ मध्ये कॉर्नवॉलमधील रेड्रथ गावी आपले घर अशा वायूने उजळले होते. पुढे लंडनचे रस्ते त्या प्रकाशाने झगमगू लागले. मुंबईत मात्र तेव्हा खोबरेलाच्या नाहीतर एरंडेलाच्या दिव्यांवर रात्र काढावी लागे. वायूचा दिवा कसा असतो, हे येथील बहुतेकांनी पाहिलेलेच नव्हते.

त्या काळी वायू तयार करण्याची रीत अशी होती. बंद लोखंडी पात्रात कोळसा भरायचा आणि ते पात्र भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचे. हवा मिळत नसल्याने आतला कोळसा पेट घेत नाही, त्यातून वायू सुटतो. तो नळ्यांतून थंड करत नेला, की डांबर खाली बसते. मग चुन्यातून नेऊन त्याचा गंधकयुक्त उग्रपणा काढायचा आणि शेवटी पाण्याच्या हौदात उपड्या घातलेल्या घंटेसारख्या टाकीत तो साठवायचा. वायू भरू लागला की टाकी वर उचलली जाते, वापरला गेला की खाली बसते. तिच्या वजनानेच वायू नळांतून दिव्यांकडे ढकलला जातो. हौदातले पाणी वायूला कोंडून ठेवते आणि बाहेरच्या हवेला आत शिरू देत नाही.

हवेला आत न शिरू देण्यातच साऱ्या व्यवस्थेचे मर्म होते. शुद्ध वायू टाकीत स्वस्थ राहतो. हवेत योग्य प्रमाणात मिसळला, की एका ठिणगीने भडका उडतो. लंडनच्या वेस्टमिन्स्टरमधील वायुगृहात १८१३ मध्ये असा स्फोट झाला, तेव्हा रॉयल सोसायटीला चौकशी समिती नेमावी लागली होती. शिवाय कोळशाच्या वायूत कार्बन मोनॉक्साइडही असतो. म्हणजे न पेटता गळणारा वायूदेखील माणसाचा घात करू शकतो. भट्टी, चुन्याची पेटी आणि टाकी राहत्या खोल्यांपासून दूर, उघड्या हवेत असणे ही म्हणूनच चैन नव्हती, गरज होती.

मुंबईला तर आगीची विशेष धास्ती होती. अर्देशीर यांच्या जन्मापूर्वी पाच वर्षे, १८०३ च्या फेब्रुवारीत, कोटातील वस्तीचा मोठा भाग आगीने गिळला होता. दाटीवाटीच्या लाकडी घरांतून ज्वाला कशा धावल्या, हे सांगणारी माणसे त्यांच्या तरुणपणी हयात होती. अशा शहरात, धगधगती भट्टी आणि ज्वालाग्राही वायूची टाकी यांच्या आधारे घर उजळायचे, हे साहस लहान नव्हते. त्यातही प्रयोगासाठी त्यांनी सरकारी गोदाम मागितले नाही की दुसऱ्याची जागा घेतली नाही. स्वतःचे घर आणि स्वतःची बाग यांनाच त्यांनी पणाला लावले. कोटाच्या गर्दीबाहेर, झाडीत विसावलेल्या माझगावच्या बंगल्याभोवती जी मोकळी जागा होती, ती अशा कामाला अनुकूल होती.

१८३४ मध्ये तो बंगला आणि त्याची बाग वायूच्या प्रकाशाने उजळून निघाली. मुंबईचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर यांनी स्वतः येऊन ही रोषणाई पाहिली आणि तरुण अभियंत्याचा मानाचे वस्त्र देऊन गौरव केला. वाती नाहीत, तेल घालायला गडी नाही, तरीही दिवा जळतो आहे, हे दृश्य तेव्हाच्या मुंबईकरांना जादूसारखेच वाटले असणार. कलकत्त्याच्या रस्त्यांवर वायूचे दिवे लागले ते १८५७ मध्ये. मुंबईच्या रस्त्यांना तर १८६० च्या दशकापर्यंत वाट पाहावी लागली. शहर जे तीस वर्षांनी करणार होते, ते एका गृहस्थाने आपल्या अंगणात करून दाखवले होते.

रॉयल एशियाटिक सोसायटीने १८३७ मध्ये त्यांना सदस्यत्व दिले. आगबोटींच्या यंत्रशास्त्राचे सखोल ज्ञान मिळवण्यासाठी १८३९ मध्ये त्यांनी विलायतेचा रस्ता धरला. त्या खडतर प्रवासाची दैनंदिनी पुढे लंडनमध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तेथील कारखाने, ओतशाळा आणि गोद्या त्यांनी कारागिराच्या नजरेने पाहिल्या, नामांकित अभियंत्यांचा स्नेह संपादन केला. २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांची सदस्य म्हणून निवड केली. त्यांच्या नावाची शिफारस करणाऱ्या पत्रात दोन कामांचा ठळक उल्लेख होता. एक, स्वतः बांधलेल्या नौकेवर बसवलेले वाफेचे इंजिन आणि दुसरे, मुंबईत आणलेला वायूचा दिवा. घरच्या बागेतला प्रयोग जगातल्या सर्वांत प्रतिष्ठित विज्ञानसंस्थेच्या दप्तरी नोंदला गेला. यानंतर त्या संस्थेत दुसरा भारतीय निवडला जाण्यास १९१८ साल उजाडले. ते होते श्रीनिवास रामानुजन.

मुंबईच्या वाफयंत्रांच्या कारखान्याचे आणि ओतशाळेचे मुख्य अभियंते व यंत्रनिरीक्षक म्हणून कंपनी सरकारने १८४१ मध्ये त्यांची नेमणूक केली. युरोपीय कारागीर आणि अभियंते यांच्यावर अधिकार चालवणारा हा एतद्देशीय माणूस होता. ती गोष्ट अनेक गोऱ्यांना रुचली नाही, आणि मुंबईच्या इंग्रजी वृत्तपत्रांतून या नेमणुकीवर टीकाही झाली. अर्देशीर यांनी वादात न शिरता कामाने उत्तर दिले. बाष्पक आणि यंत्रे यांची निगा राखणे हे काम क्षमा न करणारे असते. एखादी गंजलेली पट्टी, एखादी अडकलेली झडप नजरेतून सुटली, तर साऱ्या खलाशांच्या जिवाशी गाठ पडते. अशा जबाबदारीच्या पदावर ते १८५७ पर्यंत राहिले.

घरचे प्रयोग या काळातही थांबले नाहीत. अमेरिकेचा प्रवास करून तेथील लाकूडकामाची यंत्रे त्यांनी पाहिली. शिवणयंत्र, छायाचित्रण, विजेच्या साहाय्याने धातूवर मुलामा देण्याची कला या गोष्टी मुंबईत आणणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. १८५१ मध्ये त्यांनी ‘लवजी फॅमिली’ ही छोटी आगबोट पाण्यात उतरवली. तिचे भाग त्यांच्या घरच्या ओतशाळेत तयार झाले होते. मूळ पुरुषाचे नाव धारण करणारी ही बोट म्हणजे लाकडाकडून लोखंडाकडे वळलेल्या घराण्याचे जणू प्रतीकच होती.

निवृत्तीनंतर ते इंग्लंडला गेले. १८६१ मध्ये सिंधू नदीवरील आगबोटींच्या कंपनीचे मुख्य अभियंते म्हणून सिंधमधील कोटरी येथे त्यांनी पुन्हा काम स्वीकारले. तेथून परतल्यावर उरलेले आयुष्य त्यांनी लंडनजवळच्या रिचमंडमध्ये घालवले. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. मायदेशी त्यांचे नाव हळूहळू विस्मरणात गेले. भारतीय टपाल खात्याने २७ मे १९६९ रोजी त्यांचे तिकीट काढले, तेव्हा अनेकांनी हे नाव प्रथमच ऐकले असेल.

त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८९७ मध्ये, कुर्डुवाडीच्या बाजूने अडीच फुटी रुळांवरून एक छोटी रेल्वे बार्शीत आली. तिच्या इंजिनाच्या पोटातही भट्टीच धगधगत होती. जी वाफ अर्देशीर यांनी मुंबईत तरुणपणी हाताळली, ती आता ज्वारी-कापसाच्या मुलखात पोहोचली होती. आग गावात आली होती, पण लोखंडात बंदिस्त होऊन, धूर वर सोडत आणि माहीतगार माणसाच्या नजरेखाली.

आज बार्शीतल्या घरात निळी ज्योत पेटवायला एक कळ फिरवावी लागते. भट्टी नको, चुना नको, हौदातली टाकी नको. श्रम गेले, तसे भयही गेले, आणि भयाबरोबर थोडी सावधगिरीही निघून गेली. कोळशाचा वायू हवेपेक्षा हलका होता, तो गळला तर वर निघून जाई. टाकीतला आजचा वायू हवेपेक्षा जड आहे, तो जमिनीलगत साचून राहतो. म्हणून टाकी खड्ड्यात किंवा बंद कपाटात ठेवू नये, रबरी नळी मुदतीत बदलावी, वास आला तर विजेचे बटणही न दाबता आधी दारे-खिडक्या उघडाव्यात. आणि पौषातली शेगडी कितीही हवीहवीशी वाटली, तरी ती अंगणातच राहू द्यावी.

अर्देशीर यांचे मोठेपण सांगताना रॉयल सोसायटीचा बहुमान नेहमीच पुढे येतो, आणि ते योग्यच आहे. पण त्या बहुमानाआधी माझगावच्या बागेतली ती पहिली रात्र होती. घरातली माणसे आत होती आणि दिव्यांना वायू पुरवणाऱ्या नळाची तोटी एका सव्वीस वर्षांच्याही आतल्या तरुणाच्या भरवशावर उघडली जात होती. सांधे नीट जुळले नसते, तर त्याची किंमत सर्वांत आधी त्याच्याच घराने मोजली असती. सांधे जुळले होते, म्हणूनच दिवे लागले.