दासोपंतांचा सारा आणि तुमचा वेब फॉर्म

मी अंबाजोगाईचा. फॉर्ममधून आलेली माहिती सर्व्हरवर कशी तपासायची, हे सांगताना मला आमचे दासोपंत हमखास आठवतात. का, ते बघा.

दासोपंतांचा जन्म १५५१ सालचा, नारायणपेठचा. वडील दिगंबरपंत तिथले देशपांडे. कथा अशी सांगतात की सारा थकला, म्हणून बीदरच्या दरबाराने मुलालाच ओलीस ठेवलं. मुदत एक महिन्याची. शेवटच्या दिवशी दत्ताजी पाडेवार नावाचा एक अनोळखी माणूस रक्कम घेऊन हजर झाला. पैसे जमा झाले, दासोपंत सुटले. भाविक म्हणतात, तो साक्षात दत्तच.

तुमचा सर्व्हर म्हणजे तो दरबार समजा. फॉर्म पाठवणारा प्रत्येकजण अनोळखी. दत्त असेल, नाहीतर भामटा! तेव्हा नावावर जाऊ नका, नाणी मोजा. पीएचपीमध्ये पोस्टमधून आलेली किंमत थेट वापरायची नाही. चार गोष्टी करा:

१. ती किंमत आली आहे का, ते आधी बघा.
२. वय आकड्यातच आहे ना, मर्यादेत आहे ना, ते तपासा.
३. डेटाबेसमध्ये टाकताना प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. मग कुणी नावाच्या रकान्यात कमांड लिहिली तरी ती नुसता मजकूरच राहते.
४. पानावर दाखवताना एचटीएमएलची खास चिन्हं निष्प्रभ करा.

ब्राउझरमधली तपासणी फक्त सोयीसाठी. ती टाळून कुणीही थेट सर्व्हरला माहिती पाठवू शकतो.

सुटकेनंतर दासोपंतांनी घर सोडलं. माहूरला तप केलं, मग गोदाकाठी राक्षसभुवनला आले आणि शेवटी अंबाजोगाईत स्थिरावले. गीतेवर त्यांनी सव्वा लाख ओव्यांचा ‘गीतार्णव’ लिहिला. आणि त्यांची पासोडी तर जगावेगळी! लांबलचक कापडावर पंचीकरणासारखा अवघड विषय त्यांनी आकृत्या काढून समजावला. आजच्या भाषेत इन्फोग्राफिकच की! १६१५ साली ते अंबाजोगाईतच गेले. पासोडी मात्र इथे अजून जपून ठेवली आहे.

चारशे वर्षं एक कापड जपणं सोपं नाही. तुमच्या फॉर्ममध्ये तर गावातल्या लोकांचे मोबाईल नंबर असतात, आधार नंबर असतात. एक रकाना न तपासता घेतला, तर सगळी यादी चोराच्या हाती जाऊ शकते. लोकांनी विश्वासाने दिलंय, तर जपायची जबाबदारी आपलीच. तुमचा जुना फॉर्म आजच उघडा आणि हे चार मुद्दे लावून बघा.