रविवारची सुट्टी आणि पाचवी मागणी : नारायण मेघाजी लोखंडे

परवा सातवीच्या वर्गात सहज विचारलं की रविवारची सुट्टी आपल्याला कोणी मिळवून दिली. बहुतेक हात इंग्रजांच्या बाजूने वर आले. एका मुलीने मात्र लोखंडे हे नाव बरोबर सांगितलं. बरं वाटलं. पण पुढे त्यांनी आणखी काय मागितलं होतं, असं विचारल्यावर वर्ग शांत झाला. खरं सांगायचं तर काही वर्षांपूर्वी मलाही ते सांगता आलं नसतं. आपल्या भाषणांत, निबंधांत लोखंडे रविवारपाशी सुरू होतात आणि रविवारपाशीच संपतात.

नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं, फुलमाळी समाजाचं. परिस्थिती बेताची. शिक्षण मॅट्रिकपर्यंत झालं आणि पुढे रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली. त्यानंतर ते मुंबईत मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून लागले. ही नोकरी महत्त्वाची ठरली. गिरणीत कोण किती वाजता येतो, कसा राबतो आणि कसा बाहेर पडतो, हे तिथे रोज डोळ्यांसमोर घडत होतं. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते होतेच. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधु' हे पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईत चालवायला घेतलं. गिरणीतलं दुःख छापायला जागा मिळाली.

आता ती गिरणी कशी होती, हे मुलांना नीट सांगायला हवं. नाहीतर पुढच्या मागण्या कळत नाहीत. काम सूर्योदयाला सुरू आणि सूर्यास्ताला बंद. म्हणजे उन्हाळ्यात तेरा-चौदा तास. वर छताजवळ लांबच लांब लोखंडी दांडा फिरतोय, त्यावरून चामड्याचे पट्टे खाली प्रत्येक यंत्रापर्यंत आलेत. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा हाताची बोटं पट्ट्यात सापडली तर यंत्र थांबत नसे, माणूस ओढला जाई. कापूस पिंजण्याच्या खात्यात हवेत सतत तूस. ते नाकातोंडात जाऊन वर्षानुवर्षांचा खोकला आणि दमा मागे लागायचा. सूत तुटू नये म्हणून विणकामाच्या खात्यात हवा दमट ठेवायची, त्यामुळे उकाडा वेगळाच. दुपारी यंत्रं बंद ठेवण्याची पद्धत नव्हती. शेजारच्याला आपल्या यंत्राकडे बघायला सांगून पाळीपाळीने भाकरी खायची. त्या वेळात एकाच माणसाचं लक्ष दोन यंत्रांवर. अपघात अशाच वेळी होणार, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

माझे चुलत आजोबा गिरणीत होते, अर्थात लोखंड्यांच्या नंतर कितीतरी वर्षांनी. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. लहानपणी आम्हाला त्याची गंमत वाटायची. ती कशी गेली, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

कायदा अगदीच नव्हता असं नाही. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला. शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना तो लागू होता. धोकादायक यंत्रांना कुंपण घाला, अपघात कळवा, सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवू नका, बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नका, असं त्यात होतं. सात वर्षांखालच्या! आपल्या पहिली-दुसरीच्या वर्गातली मुलं डोळ्यांसमोर आणा. मोठ्या बायका-पुरुषांच्या तासांबद्दल मात्र कायद्यात काहीच नव्हतं.

१८८४ साली मुंबई सरकारने गिरण्यांच्या चौकशीसाठी कमिशन नेमलं. लोखंड्यांनी ही संधी ओळखली. त्या सप्टेंबरात परळ भागात कामगारांच्या सभा भरल्या, मिलहँड्स असोसिएशन उभी राहिली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार झालं. या संघटनेला ना वर्गणी होती, ना लेखी नियम, म्हणून तिला कामगार संघटना म्हणावं की नाही यावर अभ्यासक आजही वाद घालतात. घालोत बापडे. ज्यांना अक्षरओळख नव्हती अशा माणसांमध्ये फिरून एवढ्या सह्या आणि अंगठे गोळा करायचे, हे काम काही नियमावली छापण्याइतकं सोपं नव्हतं.

निवेदनात पाच मागण्या होत्या. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सगळ्यांना सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विश्रांती द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा. आदल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या. आणि पाचवी मागणी अशी की, कामावर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि तो कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

मला या पाचव्या मागणीचं मोल सगळ्यात जास्त वाटतं. तोपर्यंत हात गेला तर ते त्याचं नशीब, फार तर त्याचा हलगर्जीपणा. गिरणीचा त्याच्याशी संबंध संपला. लोखंड्यांनी तो संबंध कागदावर मांडला. जखमी माणूस घरी बसल्याने मालकाच्या खिशाला काहीच चाट बसत नसेल, तर यंत्राभोवती जाळी बसवायची घाई मालकाला का वाटावी? पहिल्या तीन मागण्याही सुरक्षिततेच्याच आहेत. थकलेल्या माणसाचा हात चुकतो. विश्रांती आणि रविवार हे त्या चुकणाऱ्या हातावरचे उपाय होते.

कमिशनकडून लगेच फारसं काही हाती आलं नाही. लोखंडे मात्र अर्ज आणि सभा यांतून मागे हटले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रिया बोलल्या. त्या काळी एवढ्या गर्दीसमोर! शेवटी १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी नव्या फॅक्टरी कमिशनबरोबर काम करायला लोखंड्यांनाही घेतलं गेलं. पुढे १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आली, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा आली आणि कामावर घेण्याचं किमान वय नऊ झालं. पाचवी मागणी मात्र राहिली. जखमी कामगाराला भरपाई देणारा कायदा आपल्या देशात झाला तो १९२३ साली, निवेदनानंतर ३९ वर्षांनी.

विधवांचं केशवपन करायचं नाही असा न्हाव्यांचा संप त्यांनी घडवला, १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमानांत सलोखा व्हावा म्हणून ते झटले. प्रत्येकावर वेगळा पाठ घेता येईल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. गिरण्या ओस पडू लागल्या, माणसं मिळेल त्या वाटेने गावाकडे निघाली. लोखंडे थांबले. रोग्यांसाठी दवाखाना उभा करून त्यांच्या सेवेत राहिले आणि त्यातच त्यांना प्लेगने गाठलं. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी ते गेले, पन्नाशीही पुरी झाली नव्हती. त्यानंतर महिन्याभराने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्याच रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुलेही गेल्या. परळला राज्य सरकारची श्रम विज्ञान संस्था आहे, तिला आज लोखंड्यांचं नाव आहे. ज्या भागात ते सह्या गोळा करत हिंडले, तोच हा परळ.