जॉन ब्राउनिंग: बंदुकीच्या धक्क्यालाच कामाला लावणारा माणूस

सिनेमात हे दृश्य आपण शेकडो वेळा पाहिलंय. चाप ओढला की पिस्तुलाचा वरचा भाग झटकन मागे सरकतो, रिकामी पुंगळी बाजूला उडते आणि तो भाग परत जागेवर येतो. त्याला स्लाइड म्हणतात. ही रचना इतकी सवयीची झाली आहे की पिस्तूल असंच असायचं, असं आपण धरून चालतो. पण ती एका माणसाच्या डोक्यातून आली. जॉन मोझेस ब्राउनिंग हे त्याचं नाव.

जन्म २३ जानेवारी १८५५, अमेरिकेतल्या युटामधलं ऑग्डेन गाव. वडील जोनाथन हे बंदुका बनवणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर. कुटुंब मॉर्मन पंथाचं, तीन आया आणि बावीस भावंडं! शाळा जेमतेम. खरं शिक्षण झालं ते वडिलांच्या दुकानातल्या भंगाराच्या ढिगात. बाहेरून आलेली प्रत्येक मोडकी बंदूक म्हणजे एक धडा, कारण ती कुठे तुटते हे तिथे रोज दिसायचं. मला तर वाटतं त्याच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथेच आहे. त्याच्या रचना दिसायला ओबडधोबड असतील, पण बिघडत मात्र कमी.

१८७९ मध्ये त्याने एकबारी रायफलचं पेटंट मिळवलं. त्याच वर्षी वडील गेले. जॉन आणि त्याचे भाऊ ही रायफल गावातच बनवून विकू लागले. १८८३ मध्ये विंचेस्टर कंपनीचे बेनेट स्वतः ऑग्डेनला आले आणि ८,००० डॉलरला तिचे हक्क घेऊन गेले. पुढची १९ वर्षं ब्राउनिंग रचना करायचा आणि विंचेस्टर त्या एकरकमी विकत घ्यायची. कित्येक तर कंपनीने कधी बाजारात आणल्याच नाहीत. दुसऱ्या कुणाला मिळू नयेत, एवढ्यासाठीच घेतल्या.

आता मुख्य मुद्दा. गोळी सुटते तेव्हा दारूचा वायू तिला पुढे ढकलतो, पण थोडी ताकद दुसरीकडेही जाते. खांद्याला धक्का बसतो आणि नळीच्या तोंडातून गरम वायूचा झोत बाहेर पडतो. १८८९ च्या सुमारास नेमबाजीच्या मैदानात ब्राउनिंगचं लक्ष गेलं ते नळीसमोरच्या गवताकडे. प्रत्येक बाराला ते आडवं होत होतं. ही ताकद फुकट चालली आहे, मग हिच्याकडूनच बंदूक पुन्हा भरून का घेऊ नये? त्याने एका साध्या रायफलच्या तोंडाशी वायूने हलणारी पट्टी लावली, ती दांडीने मागच्या यंत्रणेला जोडली, आणि बंदूक स्वतःच स्वतःला भरू लागली. यातूनच पुढे कोल्ट कंपनीची १८९५ ची मशीनगन आली.

धक्क्यावर चालणारी मशीनगन मॅक्सिमने आधीच केली होती, हे इथे सांगायला हवं. ब्राउनिंगची करामत अशी की त्याने हीच कल्पना खिशात मावेल एवढ्या वस्तूत बसवली.

छोट्या काडतुसासाठी काम सोपं होतं. जड स्लाइड आणि घट्ट स्प्रिंग एवढं पुरतं. गोळी निघून जाईपर्यंत स्लाइडचं वजनच मागचं दार बंद ठेवतं. मोठ्या काडतुसाला मात्र असं चालत नाही. दाब जास्त असताना दार उघडलं तर पुंगळी फाटेल. म्हणून त्याने नळी आणि स्लाइड खाचांनी एकमेकांत अडकवली. बार झाला की दोघं मिळून थोडंसं मागे जातात. तेवढ्यात गोळी बाहेर पडते आणि दाब उतरतो. मग एक छोटी कडी नळीचं मागचं टोक खाली ओढते आणि खाचा सुटतात. नळी थांबते, स्लाइड एकटी मागे जाते, पुंगळी फेकते, घोडा चढवते, आणि परत येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत ढकलते. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळं पार!

असं पिस्तूल भारतात सामान्य माणसाला विकत घेता येत नाही. पॉइंट ४५ आणि ९ मिलिमीटर ही काडतुसं आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये येतात. परवाना असला तरी पॉइंट ३२ सारख्या मापांवरच भागवावं लागतं. मी हे वापरून पाहिलं ते अमेरिकेत, भाड्याने पिस्तूल देणाऱ्या एका रेंजवर. एम १९११, रिकामं असताना साधारण १.१ किलो. हातात घेतल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे वजन. मुठीच्या मागे एक खटका आहे, मूठ नीट आवळली नाही तर चाप चालतच नाही. धक्का चावरा असेल असं वाटलं होतं, पण तो कुणीतरी तळहाताने ढकलावं तसा आला. सात गोळ्या संपल्या आणि स्लाइड मागेच अडकून राहिली. संपलं, हे सांगायला वेगळा दिवा नको.

हे पिस्तूल अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ ला स्वीकारलं. फिलिपिन्समधल्या लढायांत जुनी पॉइंट ३८ रिव्हॉल्व्हर कमी पडली, म्हणून मोठी गोळी हवी होती. निवडीच्या चाचणीत दोन दिवसांत ६,००० बार काढले. तापलं की पाण्यात बुडवायचं आणि पुन्हा चालू. ब्राउनिंगचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही. लष्कराने मग ते १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून ठेवलं.

दरम्यान विंचेस्टरशी बिनसलं होतं. स्वयंचलित शॉटगनसाठी त्याने रॉयल्टी मागितली, कंपनी नाही म्हणाली. १९०२ च्या जानेवारीत तो रेमिंग्टनच्या प्रमुखांना भेटायला गेला, तर भेटीच्याच दिवशी त्यांचं हृदयविकाराने निधन झालं. तो थेट जहाजाने बेल्जियमला गेला, लिएजजवळच्या एफएन कारखान्यात. तिथे त्याची पिस्तुलं आधीपासून बनत होती, इतकी की फ्रेंचमध्ये ब्राउनिंग हा पिस्तुलासाठीच शब्द झाला.

आणि इथेच कौतुक जरा अडखळतं. २८ जून १९१४ ला साराजेव्होत प्रिन्सिपने ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारलं ते एफएनच्या १९१० मॉडेलने. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर गोळ्या झाडलेलं पिस्तूल इटालियन बेरेटा होतं, पण त्यातलं छोटं ९ मिलिमीटर काडतूस ब्राउनिंगचंच, साराजेव्होतल्या पिस्तुलात होतं तेच. माणूस स्वतः शांत, धार्मिक, दोन वर्षं धर्मप्रचार करून आलेला. पहिल्या महायुद्धात त्याने मशीनगन आणि स्वयंचलित रायफलचे हक्क सरकारला साडेसात लाख डॉलरला दिले. रॉयल्टी घेतली असती तर याच्या कितीतरी पट मिळाले असते. त्या बंदुका घेऊन त्याचा मुलगा व्हॅल फ्रान्सच्या आघाडीवर गेला. घरातला कुणी दूर बसून नफा मोजत नव्हता, एवढं त्याच्या बाजूने नक्की म्हणता येतं. त्यापुढे मला काही म्हणवत नाही.

शेवटचं काम पिस्तुलाचंच. फ्रेंच लष्कराला जास्त गोळ्यांचं पिस्तूल हवं होतं, पण १९११ ची पेटंटं कोल्टकडे विकलेली. म्हणजे स्वतःच्याच रचनेला टाळून नवी रचना करायची! त्याने हलती कडी काढून नळीखाली तिरकी खाच दिली. २६ नोव्हेंबर १९२६ ला, एफएनमध्येच, व्हॅलच्या ऑफिसात त्याचं हृदय थांबलं. वय ७१, नावावर १२८ पेटंट. अर्धवट पिस्तूल बेल्जियन सहकारी द्यूदोने सेव्ह याने पूर्ण केलं: १३ गोळ्यांचं हाय-पॉवर, १९३५. युद्धात बेल्जियम जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर ते कॅनडात इंग्लिस कंपनीने बनवलं, आणि त्याच कॅनेडियन नमुन्यावरून पश्चिम बंगालच्या इशापूर रायफल फॅक्टरीत आपलं ९ मिलिमीटरचं १ए पिस्तूल तयार झालं. आपल्या लष्करात आणि पोलिसांत वर्षानुवर्षं हेच चालत आलंय.