दोन नमाजांच्या मधला वेळ

रमजानमध्ये घरातला दिवस नमाजच्या वेळांवर बांधला जातो. सहरी, फजर, मग दुपारची जोहर, तिसऱ्या प्रहरची असर आणि सूर्यास्ताला इफ्तार. अकराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये एका विद्वानाने जोहर आणि असर यांच्या मधल्या वेळेत आपले लिखाण बसवले होते, आणि तेही बारा महिने. ते म्हणजे इमाम मुहम्मद इब्न जरीर तबरी.

त्यांचा जन्म इ. स. 839च्या सुमारास, कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडील आमुल गावी झाला. सातव्या वर्षी कुराण मुखोद्गत झाले. बाराव्या वर्षी शिक्षणासाठी घर सोडले आणि रय, बसरा, कुफा, सीरिया, इजिप्त असा प्रवास केला. वडील जमिनीचे उत्पन्न पाठवत. एकदा पैसे वेळेवर आले नाहीत, तेव्हा त्यांनी अंगरख्याच्या बाह्या विकल्या, असे चरित्रकार सांगतात. पुढे बगदादला स्थिरावल्यावर काझीपद चालून आले, ते त्यांनी नाकारले. लग्नही केले नाही.

त्यांच्या एका शागीर्दाने गुरूंची दिनचर्या नोंदवून ठेवली आहे. जेवणानंतर थोडी झोप, घरीच जोहरची नमाज, मग असरपर्यंत लेखन. असरनंतर मात्र ते लोकांचे. मगरिबपर्यंत पाठ, त्यानंतर रात्रीच्या इशापर्यंत धर्मशास्त्राची शिकवणी.

एकदा त्यांनी शिष्यांपुढे कुराणच्या भाष्याचा बेत मांडला. तीस हजार पाने होतील हे ऐकताच शिष्य घाबरले. एवढ्यात आयुष्य संपेल, असे त्यांचे म्हणणे पडले. इमामांनी ते तीन हजारांवर आणले. जगाच्या इतिहासाच्या बाबतीतही हेच घडले. लोकांची उमेद आटली, याची खंत त्यांना राहिली. आणि तरीही या आटोपशीर इतिहासाच्या इंग्रजी भाषांतराचे 39 खंड झाले आहेत!

त्यांच्या पश्चात शिष्यांनी पानांचा हिशेब मांडला. कोणी म्हणते, चाळीस वर्षे रोज 40 पाने. दुसऱ्या हिशेबात वयात आल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी रोज 14 पाने येतात. आकडे जुळत नाहीत, पण ‘रोज’ या शब्दावर दोघांचेही एकमत आहे. आपण मात्र मोकळा दिवस मिळाला की लिहू म्हणतो, आणि वही कोरीच राहते.

इ. स. 923 मध्ये इमाम तबरी अंथरुणाला खिळले होते. शेवटच्या घटकेला भेटायला आलेल्या कोणीतरी एक दुआ म्हटली, ती त्यांना नवी वाटली. त्यांनी दौत आणि कागद मागवला. अशा वेळी कशाला, असे लोकांना वाटले. माणसाने मरेपर्यंत ज्ञान टिपणे सोडू नये, असे त्यांचे मत होते. त्यांनी ती दुआ लिहून घेतली. त्यानंतर तासाभरात ते गेले, असे सांगतात.