भीतीसकट टाकलेले पाऊल

मंचरहून घोडेगाव, डिंभे अशी भीमाशंकरला जाणारी वाट तळेघरावरून जाते. आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम अंगाचे हे गाव. भोवती महादेव कोळ्यांची वस्ती, पावसाळ्यात भात आणि एरवी हिरडा, यांवर इथला संसार. श्रावणात इथून यात्रेकरूंची रीघ लागते. त्यातल्या अनेकांना ठाऊक असते, की भीमाशंकराच्या देवळाचे शिखर नाना फडणवीसांनी बांधले असे सांगतात. ते बांधणाऱ्या माणसाच्या मनात मात्र आयुष्यभर किती कल्लोळ होता, याची आठवण फारशी कोणी काढत नाही.

नाना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धूर्त कारभारी येतो. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांतले हे अर्धे. अर्धे का, तर शहाणपण पुरेपूर, पण हाती तलवार नाही. मला मात्र नाना जवळचे वाटतात ते वेगळ्या कारणाने. मी बँकेत आयुष्य काढले. टेबलापलीकडे बसलेली कितीतरी माणसे पाहिली. धंद्याची कल्पना चोख, हिशेब चोख, जामीन तयार. पण फॉर्म घेऊन जायचे ते परत यायचेच नाहीत. घरी बसून विचार करायचे. पाऊस पडला नाही तर? माल खपला नाही तर? मेहुणा काय म्हणेल? अशा माणसाला आपण भित्रा म्हणतो आणि मोकळे होतो. नाना त्याच जातकुळीतले होते, आणि तरीही त्यांनी राज्य सावरले.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी साताऱ्याला झाला. १७५६ मध्ये वडील गेले आणि चौदाव्या वर्षी फडणिशी अंगावर पडली. प्रकृती नाजूक, स्वभाव देवभोळा. पुढे भाऊसाहेबांच्या लष्कराबरोबर उत्तरेकडे निघाले, ते लढाईपेक्षा तीर्थयात्रेच्या ओढीने. आई आणि पत्नी बरोबर होत्या. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सगळे उधळले. एकोणीस वर्षेही पुरी न झालेला हा मुलगा वेष टाकून, लपतछपत, उपाशीपोटी जीव घेऊन पळाला. पत्नी पुढे भेटली. आई पुन्हा दिसली नाही.

या दिवसांची हकीकत नानांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या काळच्या मुत्सद्द्याने असे लिहावे याचे मला फार नवल वाटते. पराक्रमाची फुशारकी त्यात नाही. आपल्या मनाची चंचलता, वासना, भीती, पळताना झालेली दैना, सगळे सरळ मांडले आहे. आपण भितो हे ज्याने कागदावर उतरवले, त्याला ते दुसऱ्यांपासून लपवण्यात शक्ती घालवावी लागत नाही. बाकीची शक्ती कामाला उरते.

ती लागण्याची वेळ बारा वर्षांनी आली. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. राघोबादादा पेशवे झाले. दरबारातल्या पुष्कळांना हे सलत होते, पण उघड बोलायची सोय नव्हती. रामशास्त्री प्रभुण्यांनी दादांना दोषी धरले आणि पुणे सोडले. नानांचा पिंड तसा नव्हता. असले सडेतोड तेज त्यांच्यात नव्हते, आणि ते असल्याचा आव त्यांनी आणला नाही.

त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. सखारामबापू बोकील, हरिपंत फडके, त्रिंबकरावमामा पेठे अशी माणसे एकत्र आली. हेच पुढे बारभाईंचे कारस्थान म्हणून गाजले. एकाच्या छातीत मावणार नाही एवढे धाडस अनेकांत वाटले गेले. आणि पहिले पाऊल त्यांनी लहान ठेवले. दादा पुण्याबाहेर मोहिमेवर होते. नारायणरावांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित नेऊन ठेवायचे, एवढेच. १७७४ च्या जानेवारीअखेर ते साधले.

आता विचार करा, यात खात्रीची गोष्ट कोणती होती? मुलगा होईल की मुलगी, कोणाला ठाऊक? मूल जगेल का? पुढची सारी मांडणी एका न जन्मलेल्या बाळावर उभी होती. त्यात मार्चमध्ये पंढरपूरजवळ कासेगावला दादांनी त्रिंबकरावमामांचा पराभव केला आणि मामा त्यातच गेले. शंकेखोर माणसाने इथे हातपाय गाळायचे. नाना आणि बापूंनी काम थांबवले नाही. १८ एप्रिल १७७४ ला पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली.

पुढे दादा इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेचा तह झाला आणि युद्ध पेटले. १७७९ च्या जानेवारीत बोरघाट चढून आलेल्या इंग्रजी फौजेला वडगावला नमते घ्यावे लागले. मैदानात महादजी शिंदे होते. नानांचे बळ होते बातमीत. त्यांचे बातमीदार दरबारोदरबारी पसरलेले असत. मला वाटते, जी शंका माणसाला रात्री झोपू देत नाही, तिलाच नानांनी नोकरीला लावले. ‘असे झाले तर?’ हा प्रश्न उशाशी घेऊन पडण्याऐवजी त्यांनी त्याचे उत्तर आणायला जासूद धाडला. १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने दादांची बाजू कायमची संपली.

पण कथा इथे संपवली तर ती खोटी ठरेल. रामशास्त्री १७८९ मध्ये गेले. महादजी आणि हरिपंत दोघेही १७९४ मध्ये. सखारामबापूंना तर नानांनीच कैदेत टाकले होते. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला निजामावर जय मिळाला, आणि ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात माडीवरून पडून वारले. आता गादीवर कोण? दादांचा मुलगा बाजीराव जुन्नरला शिवनेरीवर नजरकैदेत होता. त्याला आणावे, की विधवा यशोदाबाईंच्या मांडीवर दत्तक द्यावा? नाना महिनोन्महिने दोन्हीकडे झुलत राहिले. अखेर परशुरामभाऊ पटवर्धन शिवनेरीहून बाजीरावाला घेऊन आले, तर दौलतराव शिंद्यांच्या धास्तीने नानांनीच पुणे सोडले. मध्येच चिमाजीअप्पा पेशवे झाले. महाडला बसून नानांनी पुन्हा सूत्रे जुळवली आणि १७९६ च्या डिसेंबरात बाजीरावाला गादीवर बसवले. वर्षभरात शिंद्यांनी त्यांना पकडून अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले. सुटले, पुन्हा कारभार हाती घेतला, आणि १३ मार्च १८०० ला पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यानंतर अठरा वर्षांत पेशवाई बुडाली.

बुद्धी तीच, भीतीही तीच. १७७४ मध्ये तिने नानांना अडवले नाही आणि १७९५ मध्ये अडवले. फरक माझ्या मते सोबतीत आहे. तरुणपणी शंका बोलून दाखवायला माणसे होती; कोणी खोडून काढी, कोणी दुरुस्त करी, आणि ठरलेल्या दिवशी काम सुरू होई. म्हातारपणी सल्लागार नव्हते, होते ते हस्तक. काही मरणाने नेले, तर एकाला स्वतःच दूर लोटले. मग शंकेला घरात कोणी जाबच विचारणारे उरले नाही.

म्हणून आपल्या मुलांना आपण निर्भय व्हा असा उपदेश करतो, तो मला अर्धवट वाटतो. निर्भय होणे थोड्यांनाच जमते. भीती एका कागदावर लिहिता येते. विश्वासाच्या दोन माणसांना सांगता येते. आणि सबंध राज्य सावरायचे असले, तरी आधी एका बाईला गडावर पोहोचवायचे, एवढेच आज करता येते.

नानांची ती आत्मकथा पानिपतानंतर थोड्याच अंतरावर थांबते. बारभाईंविषयी त्यात अक्षर नाही. मनाचा ठाव घेणारे लेखन तिथे संपले आहे. पुढे आहेत ती पत्रे, हिशेब आणि हुकूम.